समजून घ्या : सीटी स्कॅनच्या रेडिएशनची भीती वाटते? मग होमी भाभांची ही गोष्ट वाचा

बीड : एक्स-रे किंवा सीटी स्कॅन म्हटले की अनेकांना 'रेडिएशन'ची धास्ती वाटते. पण किरणोत्सर्ग आपल्याभोवती कायमच असतो. तो आकाशातून येतो, जमिनीतून येतो, थोडा आपल्या शरीरातूनही येतो. यातील आकाशातल्या किरणांचे कोडे उलगडण्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. ते म्हणजे डॉ. होमी भाभा.

इंजिनिअर झाले, पण...

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी केंब्रिजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले आणि मग भौतिकशास्त्राची वाट धरली. अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरला की त्यातून असंख्य कणांची सर कशी बरसते, हे त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत गणिताने मांडले.

१९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले. महायुद्ध पेटले आणि परत जाणे राहून गेले. बेंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी वैश्विक किरणांचे संशोधन सुरू ठेवले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. म्हणजे ज्या किरणांची भीती वाटते, त्यांनीच कॅन्सरवर उपचार!

किती रेडिएशन कुठून?

- निसर्गातून जगाची सरासरी : वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट
- त्यातला जवळपास निम्मा वाटा : जमिनीतून निघणारा रेडॉन वायू
- आकाशातून : सुमारे ०.४
- छातीचा एक एक्स-रे : ०.१ किंवा त्याहून कमी
- छातीचा सीटी स्कॅन : सुमारे ७

बीडचे काय?

आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकात युरेनियम, थोरियम कमी असते. केरळच्या कोल्लम किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर, म्हणून तिथे किरणोत्सर्ग कितीतरी जास्त. मोबाइल टॉवरच्या लहरी मात्र वेगळ्या प्रकारच्या, त्यांची या यादीत गणना होत नाही.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन भीतीपोटी टाळू नका. विनाकारण काढूनही घेऊ नका. गरोदर असाल तर आधीच सांगा.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.