कर्मवीरांच्या चरित्रातील एक सूत्र

थोरांच्या आयुष्यातील वळणे निरनिराळी दिसली, तरी त्यांना ओवणारे सूत्र पुष्कळदा एकच असते. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांच्या चरित्रात ते आम्हांस वसतिगृहाच्या दारी सापडते.

कोल्हापुरास शिकत असता ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले. म्हणून स्वतःच्या वसतिगृहास त्यांस मुकावे लागले. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी सांगली भागात दुधगावी वसतिगृह काढले. किर्लोस्करांचे नांगर विकीत हिंडताना खेड्यांतील मुलांची आबाळ त्यांनी पाहिली, आणि १९१९ साली कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसू लागली. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

जे दार त्यांस बंद झाले, तेच त्यांनी जन्मभर इतरांसाठी उघडले. विद्यार्थिमित्रहो, आपल्या आयुष्यातील वळणे आठवून पाहा. प्रत्येक वेळी कोणती एक गोष्ट आपणांस सोडवली नाही, याचा शोध घ्या; आपले सूत्र तेथेच गवसेल.