मेहरूणच्या तलावात टेस्ला

मशीन्सच्या पेपरात फ्लक्स डेन्सिटीचं एकक 'टेस्ला' असं आपण सगळेच लिहितो. हा माणूस कोण, हे मात्र मला मेहरूणच्या तलावावर फजिती झाल्यावर कळलं.

त्याचं झालं असं. आम्ही चौघांनी रिमोटवर चालणारी बोट बनवली. सुकाणू फिरवणाऱ्या सर्व्होची वायर तोकडी पडली. ती तीन वायरींची चिकटलेली चपटी पट्टी. सुटी करताना माझं ब्लेड घसरलं आणि सिग्नलच्या वायरचे निम्मे धागे तुटले. तरी तसाच पीळ दिला, तिन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले, वर काळी टेप गुंडाळली. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये वेस्टर्न युनियन जॉइंट केला होता, पण ते ज्ञान जर्नलवरच्या सहीपुरतं! बोट तलावाच्या मधोमध गेली, सुकाणू एका बाजूला अडकलं आणि ती गोल गोल फिरत बसली. वाऱ्याने काठाला लागेपर्यंत आम्ही बोरं खात वाट बघितली. कारण काय, तर लूज कॉन्टॅक्ट.

अशी बोट पहिल्यांदा कोणी चालवली असेल, म्हणून शोधलं, तर नाव निघालं निकोला टेस्ला.

10 जुलै 1856 ला आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावी, एका सर्बियन धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. ग्राट्सच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला, पण डिग्री न घेताच बाहेर पडला. (हे घरी सांगू नका!) 1884 मध्ये न्यूयॉर्कला आला, काही महिने एडिसनकडे राबला, मग नोकरी सोडली. स्वतःची कंपनी काढली, तर भांडवलदारांनी त्यालाच बाहेर काढलं. एका हिवाळ्यात दिवसाला दोन डॉलरवर त्याने चक्क चर खणले. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच, 1888 ला, इंडक्शन मोटरची पेटंट्स आली आणि वेस्टिंगहाऊसने ती घेतली. 1896 मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. हा भाग आपल्याला पुस्तकातून माहीत आहे.

मला मात्र बोटच सोडवेना. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हौदात लोखंडी बोट सोडली आणि लांबून, तारेशिवाय ती वळवून दाखवली. लोकांना वाटलं जादू आहे. कुणीतरी बोटीलाच 64 चं घनमूळ विचारलं, तर टेस्लाने तिचे दिवे चार वेळा लुकलुकवले!

आता खरी गंमत. बोटीत सिग्नल पकडायला ट्रान्झिस्टर नव्हता, व्हॅक्यूम ट्यूबही नव्हती. होती फक्त धातूचे बारीक कण भरलेली एक नळी. कण सुटे असताना करंट जवळजवळ जात नाही. रेडिओ लहर आली की ते एकमेकांना धरतात, करंट वाहतो, रिले ओढला जातो आणि सुकाणूची यंत्रणा एक पायरी पुढे सरकते. पण एकदा धरलेले कण आपणहून सुटत नाहीत, म्हणून प्रत्येक सिग्नलनंतर नळी उलटी करायची सोय त्याने केली होती. म्हणजे ज्या लूज कॉन्टॅक्टने माझी बोट बुडवायची बाकी ठेवली होती, तोच या पठ्ठ्याने मुद्दाम बनवून कामाला लावला होता!

8 नोव्हेंबर 1898 ला पेटंट मिळालं. अमेरिकन नौदलाने त्यात रस घेतला नाही. पुढे बिनतारी प्रक्षेपणासाठी वॉर्डनक्लिफला उभारलेला मनोरा हॉटेलच्या थकलेल्या बिलापायी गेला आणि 1917 मध्ये पाडला गेला. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या 3327 नंबरच्या खोलीत टेस्ला एकटाच वारला. एककाला त्याचं नाव मिळालं ते 1960 मध्ये.

आम्ही वायर पुन्हा केली. या वेळी पट्टीच्या टोकाला मधल्या खाचेत छोटा काप दिला आणि बाकीची हातानेच हळूहळू सोलत सुटी केली. तिन्ही जोड मागेपुढे घेतले, म्हणजे एकमेकांना टेकणार नाहीत. पीळ देण्याआधी हीट श्रिंक स्लीव्ह ओवली (पहिल्यांदा विसरलो, पुन्हा उकललं), मग सोल्डर मारला. बोट आता मेहरूणला जाऊन परत येते. डावीकडे जरा जास्तच वळते, पण तो दोष सुकाणूचा आहे, वायरचा नाही.