खर्जातला क्लिफ

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने हेडफोन घ्यायला मला सोबत नेले. स्वारी हेवी मेटलची भक्त, आणि दोन वर्षांची बचत खिशात. दुकानदाराने पुढे केलेला पहिला जोड पाठबंद होता; कानावर घण पडावेत तसा त्याचा खर्ज. हेवी मेटलला हाच हवा, असे मलाही वाटले. मग भावाने मेटॅलिकाचे १९८४ सालचे ‘फॉर हूम द बेल टोल्स’ लावले. आरंभी जे वाद्य कण्हत, किंचाळत येते ते मी आजवर गिटारच समजत होतो. ते बेस गिटार आहे, आणि वाजवणारा क्लिफ बर्टन, हे त्या दिवशी कळले. घरी येऊन मी या माणसाच्या मागे लागलो.

क्लिफचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ चा, कॅलिफोर्नियातला. लहानपणी तो पियानो शिकला. तेरा वर्षांचा असताना थोरला भाऊ स्कॉट गेला आणि त्यानंतर क्लिफने बेस हाती घेतला. दुःख बोलून दाखवण्यापेक्षा तो तासन्‌तास रियाज करी. बाखच्या संगीताचा त्याला लळा होता. मेटलच्या गोंगाटात बाख कुठून आला, असे आमचे संगीतप्रेमी प्राध्यापक विचारतील. त्यांनी ‘ओरायन’चा मधला भाग ऐकावा.

१९८२ साली लॉस एंजलिसमध्ये त्याचे वादन ऐकून जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उल्रिक थक्क झाले. क्लिफची अट एकच : मी तिकडे येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे या. एका बेसवाल्यासाठी अख्ख्या बँडने बिऱ्हाड हलवले!

बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झची. पण क्लिफ डिस्टॉर्शन आणि वा-वा पेडल वापरी, त्यामुळे त्याचे वरचे स्वर थेट गिटारच्या मुलखात शिरत. नुसता धमाका वाढवणाऱ्या हेडफोनमध्ये नेमके हेच स्वर बुडतात. दुकानातला दुसरा जोड सेनहायझरचा एचडी ६००, पाठ उघडी असलेला. धमाका कमी, पण बोटांचा तारेवरचा आघातसुद्धा वेगळा ऐकू आला. हा जोड ३०० ओहमचा, म्हणून वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागला. शिवाय आपले गाणे शेजाऱ्यालाही ऐकू जाते. वसतिगृहात राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

२६ सप्टेंबर १९८६ ला स्टॉकहोमचा कार्यक्रम संपवून मंडळी बसने डेन्मार्ककडे निघाली. झोपायची जागा ठरवायला पत्ते काढले. क्लिफला इस्पिकचा एक्का आला; त्याने कर्क हॅमेटची जागा मागून घेतली. २७ तारखेच्या पहाटे डोरार्प गावाजवळ बस उलटली. क्लिफ खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बसखाली सापडला. वय चोवीस. अंत्यसंस्कारात ‘ओरायन’च वाजवले गेले.

त्याच्यानंतर जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बेस इतका दाबला आहे, की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यावरून कोणी हेडफोन पारखू नये. ध्वनिमुद्रणातच जे दाबले, ते कोणत्याही किमतीचा हेडफोन कसा काढून देणार?

मावसभाऊ रविवारी क्रिकेटला जातो, तेवढा वेळ तो जोड माझा असतो.