वर्ध्याचे खानखोजे आणि अमेरिकेची नजर

फायनल इयरला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तीन शब्द हमखास असतात. जीआरई, एमएस आणि व्हिसा! कोणतं विद्यापीठ, फी किती, स्कॉलरशिप मिळेल का, थंडी किती असते, भारतीय किराणा मिळतो का... सगळी चौकशी होते. पण तिथल्या रस्त्यावरून चालताना समोरचा माणूस आपल्याकडे काय म्हणून बघेल, हा प्रश्न मात्र कोणाच्याच यादीत नसतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच विदर्भातला एक विद्यार्थी या प्रश्नाला सामोरा गेला. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाचे क्रांतिकारक आणि मोठे कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. पण अमेरिकेत असताना ते काय बघत होते आणि त्यांच्याकडे कसं बघितलं जात होतं, याबद्दल फारसं बोललं जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. वडील अर्ज लिहून देण्याचं काम करायचे, म्हणजे घर साधंच. पुढच्या शिक्षणासाठी ते नागपूरला आले आणि टिळकांच्या विचारांनी भारावले. इंग्रजांना देशातून घालवायचं तर सैनिकी शिक्षण हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं. पण ते इथे कोण देणार? टिळकांनी जपानला जायचा सल्ला दिला. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं होतं आणि आशियातल्या तरुणांना जपान म्हणजे मोठा आधार वाटत होता. तिथून समुद्र ओलांडून खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. खिसा जवळजवळ रिकामा आणि डोक्यात दोन विषय, शेती आणि सैन्य!

आता तेव्हाचा हा पश्चिम किनारा कसा होता ते बघू. वॉशिंग्टन आणि ओरेगॉन ही जंगलांची राज्यं. बल्लारशाच्या डेपोत रचलेले सागवानाचे लठ्ठे ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना येईल. तिकडची झाडं मात्र त्याहून कितीतरी पट जाड आणि उंच. ती कापायला ठिकठिकाणी आरागिरण्या होत्या, रेल्वेचे रूळ टाकले जात होते. या सगळ्याला माणसं लागत होती. आधी चिनी मजूर आले. त्यांची संख्या वाढल्यावर १८८२ मध्ये कायदाच करून चिनी मजुरांना बंदी घातली गेली. मग जपानी आले, त्यांच्यावरही राग. आणि त्यानंतर आले पंजाबी शेतकरी.

या पंजाब्यांत बहुतेक शीख होते, काही मुसलमान होते, हिंदू अगदी थोडे. पण अमेरिकन माणसाने सगळ्यांना एकच नाव देऊन टाकलं, हिंदू! पगडीवाला तो हिंदू, दाढीवाला तो हिंदू, नमाज पढणारासुद्धा हिंदूच! वर्तमानपत्रांतून हिंदूंचं आक्रमण आलं अशी ओरड सुरू झाली. हे लोक घाणेरडे राहतात, कमी पैशात काम करतात आणि आपल्या पोटावर पाय देतात, असं सर्रास बोललं जायचं. मजुरी कमी द्यायचे गिरणीमालक, पण राग निघायचा मजुरावर. कारण मालक आपल्यातला होता आणि मजूर वेगळा दिसत होता.

४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात या रागाचा भडका उडाला. शेकडो गोऱ्या कामगारांचा जमाव हिंदी मजुरांच्या खोल्यांत घुसला, त्यांना मारहाण केली, सामान बाहेर फेकलं. काही दिवसांत गावात एकही हिंदी मजूर उरला नाही. मार्च १९१० मध्ये ओरेगॉनात पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्समध्येही तसंच घडलं. आणि हाच खानखोज्यांच्या शिक्षणाचा काळ!

खानखोज्यांची स्थिती मात्र थोडी वेगळी होती. ते विद्यार्थी होते. कॅलिफोर्नियातल्या माउंट तमाल्पायस मिलिटरी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतलं. पुढे कोर्व्हालिसच्या ओरेगॉन कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात ते शेतीशास्त्र शिकले. गंमत बघा, ज्या राज्यांत हिंदी मजुराला गावाबाहेर हाकललं जात होतं, त्याच राज्यांची सरकारी कॉलेजं हिंदी विद्यार्थ्याला प्रवेश देत होती. वर्गात तो हुशार परदेशी पाहुणा आणि रस्त्यावर नुसता एक हिंदू. माणूस तोच, पण बघणाऱ्यांच्या नजरा दोन!

अशा वेळी कोणालाही वाटेल की आपण त्यातले नाही हे सांगून मोकळं व्हावं. ते अडाणी मजूर, आपण शिकलेले. ते वेगळे, आपण वेगळे. हा मार्ग पुढे भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात दिसला. (हे शहीद भगतसिंग नव्हेत.) थिंड ओरेगॉनच्या आरागिरणीत काम केलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातही होते. तेव्हाच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळत असे. म्हणून आपण उच्च जातीचे आर्य आहोत, सबब गोरे आहोत, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने केला गेला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा त्या निकालाचा अर्थ. म्हणजे आपल्याकडे ज्या जातीचा एवढा तोरा, तिची तिकडे काडीची किंमत झाली नाही! आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांचंही नागरिकत्व पुढे काढून घेतलं गेलं.

खानखोज्यांनी दुसरा मार्ग धरला. ते मजुरांमध्ये गेले. पोर्टलंडच्या भागात पंडित काशीराम या पंजाबी कार्यकर्त्याबरोबर त्यांनी हिंदी मजुरांना एकत्र करायला सुरुवात केली. जरा विचार करा, वर्ध्याचा मराठी ब्राह्मण मुलगा आणि पंजाबातला शीख शेतकरी आपल्या देशात एका पंगतीला कधी बसले असते का? इथे मात्र ज्या एका शब्दाने सगळ्यांना हिणवलं, त्याच शब्दाने त्यांना एकत्र आणलं. आपला अपमान होतो कारण आपला देश गुलाम आहे, चिन्यांसाठी नाही तरी जपान्यांसाठी त्यांचं सरकार बोलतं, आपल्यासाठी कोणी बोलत नाही, हे त्यांना कळून चुकलं. यातूनच १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली. पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना, तेही आरागिरणीतले कामगारच! लाला हरदयाळांसारखे विद्वान आणि हातात करवत धरणारे मजूर एकाच संघटनेत होते. खानखोज्यांकडे सशस्त्र कार्याची बाजू होती. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेलेला विष्णू गणेश पिंगळे हा पुणे जिल्ह्यातला तरुणही यात होता. १९१५ मध्ये काशीराम आणि पिंगळे, दोघेही फाशी गेले. पिंगळे तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता. आपल्याहून काही वर्षांनीच मोठा!

महायुद्ध सुरू झाल्यावर खानखोजे इराणच्या बाजूला गेले. इंग्रजांच्या विरोधात लढले, नावं आणि वेश बदलून राहिले, कितीदा मरता मरता वाचले. पुढे मॉस्कोही झालं. मायदेशी परतायची सोय नव्हती, कारण इंग्रज सरकार टपूनच होतं. अखेर १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या नवीन जातींवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचं चित्र रंगवलं. पंगतीत लोकांना भाकर वाटणारा माणूस म्हणून! सीमेच्या एका बाजूला जो पोटावर पाय देणारा हिंदू ठरला असता, तोच दुसऱ्या बाजूला अन्नदाता ठरला.

स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि आयुष्याची शेवटची वर्षं नागपुरात राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. आज तिकडे भारतीय म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, मोठ्या कंपन्यांचे सीईओ. खरं आहे. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, १९६५ नंतर शिकलेल्यांना दारं उघडली. पण लेबल गेलं नाही, फक्त बदललं. आता तो गणितात हुशार, कॉम्प्युटरवाला, गुपचूप काम करणारा. हे लेबल गोड आहे, पण तेही लेबलच. आणि ते कधी उलटेल याचा नेम नाही. सप्टेंबर २००१ मध्ये ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी यांना केवळ पगडीवरून अरब समजून गोळी घातली गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या आपल्यासारख्याच इंजिनिअरला इराणी समजून मारलं. पण त्याच वेळी मारेकऱ्याला अडवायला धावलेला आणि स्वतः गोळी झेललेला इयान ग्रिलट हाही अमेरिकनच होता, हे विसरून चालणार नाही. नाहीतर आपणही अमेरिकनांना एकच लेबल लावून मोकळे होऊ!

आणि खरं सांगायचं तर एवढ्या लांब जायची गरजच काय? गडचिरोलीचा मुलगा पुण्याच्या होस्टेलवर गेला की पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा, दुसरा वाघाचा. चंद्रपूरचा म्हटलं की कोळसा आणि ऊन. आपल्याला राग येतो. यायलाच पाहिजे. पण भामरागडचा माडिया, जिवतीचा कोलाम आणि धानोऱ्याचा गोंड यांची बोली वेगळी, रीतिरिवाज वेगळे, आणि चंद्रपुरात बसून त्या सगळ्यांना सरसकट आदिवासी पार्टी म्हणणारे आपल्यातच सापडतात. ओरेगॉनच्या गोऱ्या कामगाराला शीख आणि मुसलमान एकच दिसायचे, त्यात आणि यात फरक तो किती?

तेव्हा मित्रांनो, एमएसला जरूर जा. खूप शिका. पण तिथे कोणी आपल्याला वेगळ्या नजरेने बघितलं तर मी त्यातला नाही म्हणून बाजूला होऊ नका. शेजारचा मजूर, टॅक्सीवाला, हॉटेलात भांडी घासणारा, सगळे त्याच नजरेखाली आहेत. खानखोजे त्यांच्यात जाऊन बसले म्हणून ते खानखोजे झाले. आणि अशी सवय लावायला व्हिसा लागत नाही. आपल्याच वर्गात शेवटच्या बाकावर भामरागडहून आलेला कोणी बसत असेल, तर त्याचं गाव, त्याची बोली आणि त्याचं नाव नीट विचारून घ्या. सुरुवात तिथूनही होऊ शकते!