विश्लेषण : स्वतः बांधायचा की विकत घ्यायचा? होमी भाभांनी संगणक कसा निवडला?

लोहारा (जि. यवतमाळ) : लोहाऱ्यातला शेतकरी पीक कर्जासाठी मोबाइलवर सातबारा उघडतो, तेव्हा राज्यभरातल्या कोट्यवधी नोंदींतून त्याची नोंद शोधून देणारा सर्व्हर कुठेतरी चालू असतो. एवढ्या मोठ्या डेटाबेससाठी यंत्र घेताना मेमरी किती लागेल, पाच वर्षांनी ते पुरेल का आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, हे आधी ठरवावे लागते. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत असाच पेच डॉ. होमी भाभा यांच्यापुढे होता.

अणुशास्त्रज्ञाला संगणक कशाला?

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. मुलाने इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. केंब्रिजमध्ये त्यांनी इंजिनीअरिंग पूर्ण केले, पण पुढे भौतिकशास्त्र धरले. 1939 मध्ये सुट्टीवर आले असताना महायुद्ध पेटले आणि ते भारतातच राहिले. 1945 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. 1948 पासून अणुऊर्जा आयोगाची सूत्रेही त्यांच्याकडेच होती.

अणुभट्टीची गणिते हाताने होण्यासारखी नव्हती. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सांख्यिकी संस्थेसाठी ब्रिटिश यंत्र विकत आणले. ते 1956 मध्ये सुरू झाले. दोघांची गरज मात्र वेगळी होती. महालनोबिस यांच्याकडे नमुना पाहणीच्या माहितीचे ढीग होते, भाभांकडे माहिती कमी आणि आकडेमोड प्रचंड. आजही सर्व्हर घेताना पहिला प्रश्न हाच: काम माहिती साठवण्या-शोधण्याचे की आकडेमोडीचे? डेटाबेसला वेगवान प्रोसेसरइतकीच, बऱ्याचदा त्याहून जास्त, मेमरी आणि डिस्कची गरज भासते.

‘टिफ्रॅक’मध्ये काय होते?

भाभांनी स्वतः बांधण्याचा मार्ग घेतला. आर. नरसिंहन यांच्या चमूने आधी छोटे चाचणी-यंत्र केले आणि 1960 मध्ये पूर्ण संगणक सुरू झाला. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. मेमरी 2,048 शब्दांची आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा, म्हणजे हिशेबाने 10 किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचे ‘शुभ सकाळ’चे चित्रही यात मावणार नाही! 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

अडचण वेळेची होती. आराखडा आखला तेव्हा नळ्यांचा जमाना होता. यंत्र पूर्ण होईपर्यंत परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक विकले जाऊ लागले होते. आज सर्व्हरची निविदा काढून यंत्र बसेपर्यंत वर्ष उलटते, तिथेही हेच घडते: आजच्या भारावर मोजलेले यंत्र बसते त्याच दिवशी अपुरे पडू लागते.

मग परदेशी यंत्र का?

भाभांनी आपल्याच यंत्राचा हट्ट धरला नाही, हे विशेष. 1964 मध्ये अमेरिकी मदतीतून ‘सीडीसी 3600’ हा ट्रान्झिस्टरचा संगणक संस्थेत आला. त्याचा शब्द 48 बिटांचा, मेमरीचा एक संच 32,768 शब्दांचा, म्हणजे सुमारे 192 किलोबाइट. शिवाय फोरट्रान भाषा सोबत होती. त्यामुळे बाहेरच्या संस्थांतले संशोधकही स्वतःचे प्रोग्राम लिहून आणू लागले.

टिफ्रॅकवरचा खर्च वाया गेला का? यंत्रापुरते पाहिले तर ते चार वर्षांतच मागे पडले. पण संगणक आतून कसा चालतो हे सर्किटपासून जाणणारी माणसे त्यातूनच तयार झाली. ही माणसे नसती तर परदेशी यंत्राच्या प्रत्येक बिघाडासाठी कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागले असते.

चीन युद्धानंतर, 1963 मध्ये, सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. देशाला पुढच्या दहा वर्षांत काय-काय लागेल, याचा अंदाज तिने मांडला. त्यात संगणकही होते. 24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यात भाभांचा मृत्यू झाला. समितीचा अहवाल त्यानंतर आला. कुलाब्यातला सीडीसी 3600 पुढेही देशातल्या अनेक संस्थांची कामे करत राहिला.