चौकटीबाहेर गेलेले गुरुजी : विष्णु चिंचाळकर

माळव्यातील जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात तसबिरींचा एक ठरलेला क्रम असे. मधोमध देव, एका अंगास महाराजांचे छायाचित्र, दुसऱ्या अंगास घरातील कर्ते पुरुष; आणि घरात कुणाला कलेची आवड असलीच तर दाराजवळ एखादे जलरंगातील निसर्गचित्र, त्यात घाट, छत्री किंवा उन्हात निजलेली एखादी गल्ली. या दाराजवळच्या जागेवर ज्यांचा हक्क सहज पोचला असता, आणि ज्यांनी तो आपण होऊन सोडला, त्या विष्णु चिंचाळकरांची ओळख नव्या पिढीस करून देणे अगत्याचे वाटते. आमच्या पिढीस ते केवळ गुरुजी म्हणून ठाऊक होते. आडनाव सांगावे लागत नसे.

त्यांचा जन्म १९१७ सालचा, आलोटचा. आज आलोट रतलाम जिल्ह्यात मोडते. परंतु त्या काळी ते देवास थोरल्या पातीचे होते. देवासच्या दोन पात्यांची कथा वाचकांना सांगावयास नको. एकाच गावात दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, आणि सरहद्द कुठे कुठे रस्त्याच्या मधून गेलेली. इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस होता आणि पुढे १९५३ साली त्याने देवासवर पुस्तक लिहिले, म्हणून हे संस्थान साता समुद्रांपलीकडे माहीत झाले. तथापि आलोट या साऱ्या गंमतीपासून पुष्कळ दूर होते. काळी जमीन, कापूस, ज्वारी, पळसाची झाडे आणि पावसाळ्यात चिखलाने बंद पडणाऱ्या वाटा, असा तो मुलूख. पुढे गुरुजींच्या हातात ज्या वस्तू आल्या त्या सगळ्या याच मुलखातल्या होत्या.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी इंदुरास घेतले. त्या शाळेविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण तिच्यावाचून गुरुजींचे पुढले वागणे नीट समजत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकरांच्या इंदुरात १९२७ साली चित्रकला मंदिर उभे केले. मुंबईच्या जे. जे. शाळेची शिस्त त्यांच्या अंगी होती आणि त्यांचे विद्यार्थी परीक्षा देण्यास मुंबईसच जात. पण शिकविण्याची त्यांची तऱ्हा निराळी. ते मुलांना वर्गाबाहेर काढीत. बाजार, नदीचा घाट, टांग्यांचा अड्डा, जत्रा, जे समोर असेल ते कागदावर उतरवावयाचे. उभ्याने, भराभर आणि न खोडता! चारजणांनी एकत्र निघावे, एकाच जागी बसावे आणि संध्याकाळी कागद शेजारी शेजारी मांडून पाहावेत, हा तेथला रिवाज. आजकाल शहरोशहरी रविवारी सकाळी हौशी रेखाटनकार वह्या घेऊन चौकात जमतात, व्यंगचित्रकारांच्या बैठका भरतात, आणि हे काहीतरी नवे निघाले असे वाटते. माळव्यात ते शंभर वर्षांचे जुने आहे.

या शाळेने किती माणसे दिली पाहा. नारायण श्रीधर बेंद्रे येथले. ते पुढे बडोद्यास जाऊन चित्रकलेचे थोर शिक्षक झाले. महेश्वरचे देवकृष्ण जोशी येथले. मकबूल फिदा हुसेन हेही याच छायेत शिकले आणि मुंबईस जाऊन प्रथम सिनेमाची फलके रंगवू लागले. चिंचाळकर या मंडळींच्या पंक्तीत बसणारे होते. रेषा पक्की, जलरंगांवर हात बसलेला, प्रदर्शनांतून पारितोषिके मिळू लागलेली. त्या काळच्या चित्रकारापुढे वाट सरळ होती : मुंबई गाठावी, प्रदर्शने भरवावीत, गिऱ्हाईक जोडावे. बेंद्रे त्या वाटेने गेले, हुसेन गेले, आणि दोघांनी कीर्ती मिळविली. त्यात गैर काही नव्हते.

गुरुजी गेले नाहीत. ते इंदुरात राहिले, आणि हळूहळू त्यांनी चौकटीतले चित्र काढणेच सोडून दिले. नाव होत असताना हा निर्णय घेतला गेला, हे लक्षात घेतले पाहिजे. हात चालेनासा झाला म्हणून कलावंत थांबला असता तर त्याची कुणी चर्चा केली नसती. येथे हात चालत होता, मागणी होती, आणि माणूस थांबला. पुष्कळांनी त्यांस विक्षिप्त ठरविले. घरात चार माणसे पोसावयाची असताना विकले जाणारे चित्र सोडून वाळकी पाने गोळा करणाऱ्याला आपल्या समाजात दुसरे काय म्हणणार?

ते करीत काय? रस्त्याने जाताना पडलेली काटकी उचलीत. सुकलेली शेंग, झाडाची सुटलेली साल, मक्याचे आवरण, फुटके खापर, तारेचा वाकडा तुकडा, रद्दीचा फाटलेला कपटा, काहीही त्यांस वर्ज्य नव्हते. ती वस्तू हातात घेऊन ते फिरवीत. उलटी, आडवी, उजेडाकडे धरून. आणि मग तिच्यात दडलेला बगळा, म्हातारा, नाचणारी बाई, रुसलेले मूल त्यांना दिसे. पुष्कळदा त्या वस्तूला ते काही करीतही नसत. फार तर एखादा ठिपका डोळ्याच्या जागी. बाकी सारे निसर्गाने आधीच केलेले असे. ते नुसते कोन बदलून दाखवीत. कात्रीपेक्षा हाताने फाडलेला कागद त्यांना प्रिय. कात्री आपल्या मनातली रेषा कापते, फाटण्याला मात्र कागदाची स्वतःची ओढ असते. ठरलेल्या बंदिशीवर पाट्या टाकणारा गवई आणि समोर आलेल्या स्वराकडून पुढचा स्वर विचारून घेणारा गवई, यांत जो फरक, तोच हा. संगीताच्या शिक्षकाला ही उपमा सुचल्यास वाचक क्षमा करतील.

संगीताचे नाव निघाले म्हणून देवासकडे वळतो. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासास आले आणि टेकडीच्या पायथ्याशी राहिले. गाण्याची मनाई, अंथरुणाला खिळलेले शरीर, आणि कानावर पडत होती ती माळवी बायकांची गाणी. त्या लोकधुनांतून त्यांना पुढे राग सापडले, मालवती, लगनगंधार इत्यादी. १९६५ साली निघालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये रसिकांनी ते पाहिले आहेत. या कुमारांच्या स्नेहमंडळात इंदूरचे तिघे ठळक होते : ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, नाट्यभारतीचे बाबा डिके आणि आमचे गुरुजी. इंदूर ते देवास अंतर चाळीस किलोमीटरही नाही. एक गवई, एक पत्रकार, एक नाटकवाला, एक चित्रकार. चौघेही मराठी वा मराठी घरात रुळलेले, चौघांचीही कर्मभूमी माळवा. मुंबई-पुण्याबाहेर राहून आपण काही कमी पडतो, ही खंत माळव्यातल्या मराठी माणसाच्या मनात नेहमी असते. या चौघांच्या बैठकीत ती खंत असल्याचे दिसत नाही.

कुमारांनी चुलीजवळच्या बाईच्या गाण्यात राग ऐकला आणि गुरुजींनी अंगणातल्या काटकीत आकृती पाहिली. कोणी कोणापासून काय घेतले याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. पण दोघांनाही सामग्री उंबऱ्याबाहेर सापडली, एवढे खरे. माळव्यात तशी सामग्री उदंड. पितृपक्षात येथल्या मुली संजा मांडतात हे आपल्या घरांतही सर्वांनी पाहिले आहे. भिंतीवर शेणाच्या आकृती, त्यावर फुलांच्या पाकळ्या, रोज नवी आकृती, शेवटी किलाकोट. आणि मग सगळे उतरवून पाण्यात सोडून द्यावयाचे. दिवाळीस बायका गेरू आणि खडीने मांडणे काढतात, ती चार पावलांखाली पुसली जातात. सही कुणी करीत नाही. मराठी घरांनी रांगोळी धरली आणि संजा शेजारच्या माळवी घरावर सोपविली, हे जरा वाईटच झाले असे माझे मत आहे.

गुरुजींची खरी कामगिरी झाली ती मुलांच्या मेळाव्यांत. शाळा, बालमेळे, शिक्षकांची शिबिरे, जेथे बोलावणे येईल तेथे ते जात, आणि सामान काय न्यावयाचे हा प्रश्नच नव्हता, कारण सामान त्या गावीच पडलेले असे. मुलांनी आजूबाजूला हिंडून जे सापडेल ते आणावे; मग त्याच्याभोवती बसून काय दिसते ते सांगावे. एकाला घोडा दिसला आणि दुसऱ्याला डोंगर, तर दोन्ही बरोबर. चित्रकलेच्या तासाला फुलदाणी समोर ठेवून शेजाऱ्याच्या कागदाकडे चोरून पाहणाऱ्या मुलाला याचे केवढे नवल वाटत असेल! ज्याला रेघ ओढता येत नाही तो मुलगाही येथे मागे राहत नसे, कारण येथे हाताच्या आधी डोळ्याचे काम होते. याच सुमारास, १९८२ साली, मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ ही शिक्षणसंस्था निघाली आणि देवासातही तिचे काम उभे राहिले. १९८५ पासून तिचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक निघू लागले. हाताने करून शिकावे, घरात सापडेल त्या वस्तूने करावे, हा या मंडळींचा बाणा. त्यांना गुरुजी जवळचे वाटावेत यात आश्चर्य नाही.

‘खुलते अक्षर खिलते अंक’ हे त्यांचे हिंदी पुस्तक ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. नागरी अक्षरे आणि अंक घेऊन त्यांतून पशू, पक्षी, माणसे कशी उमलतात ते त्यात दाखविले आहे. मुळाक्षरे घोकण्याचा जाच आपण सर्वांनी सोसला; येथे तेच अक्षर जरा वाकते, त्याला शेपटी फुटते आणि ते पानावरून चालू लागते. व्यंगचित्रकाराची कला याहून वेगळी काय असते? कमीत कमी रेषा, आणि ओळख मात्र पुरी पटली पाहिजे. चार रेघांत पुढाऱ्याचे नाक पकडणारा आणि एका अंकात बदक पकडणारा, दोघे एकाच आळीत राहतात. गुरुजींनी कुणाची टर उडविली नाही इतकेच.

दोष दाखविल्यावाचून चरित्र पुरे होत नाही, म्हणून लिहितो. या मार्गाची किंमत मोठी होती आणि ती फक्त गुरुजींनी दिली असे नाही; आपणही दिली. धारचे थोर मूर्तिकार रघुनाथ कृष्ण फडके पाहा. वसईचा माणूस, कोणत्याही शाळेत न जाता मूर्तिकार झाला, धारला येऊन राहिला. १९६१ साली पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते वारले. त्यांचा टिळकांचा पुतळा आजही मुंबईच्या चौपाटीवर उभा आहे आणि धारेत त्यांचा स्टुडिओ आहे. फडके कोण होते, असे नातवाने विचारले तर बोट दाखविता येते. गुरुजींचे काय दाखवावे? वाळके पान वर्षभरात चुरले, रद्दीचा कपटा पिवळा पडून तुटला, आणि बालमेळा तर संध्याकाळीच उठला. ज्या रेषेने बेंद्र्यांच्या बरोबरीने मोठी चित्रे केली असती ती रेषा काटक्यांत खर्ची पडली, असे म्हणणारे जाणते लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी खोडून काढता येत नाही. तरीही माझा कौल गुरुजींकडेच झुकतो. चांगली निसर्गचित्रे काढणारे इंदुरात आणखी होते. मातीत बसून शंभर मुलांचे डोळे उघडणारा दुसरा नव्हता.

कुमार गंधर्व १९९२ साली गेले, राहुल बारपुते १९९६ साली. गुरुजी सर्वांमागून, २००० साली. आता त्या बैठकीतले कुणी उरले नाही.

देवास, धार आणि इंदूर येथील ज्या जुन्या घरांतून गुरुजींच्या उमेदीच्या काळातील जलरंग वा पेन्सिलीची रेखाटने असतील, त्यांनी ती भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावीत, चौकट उघडून मागचा पुठ्ठा बदलून घ्यावा आणि चित्राचे साल व स्थळ माहीत असेल तर मागे लिहून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी एखाद्या जुन्या वहीत फाडलेल्या कागदाचा पक्षी किंवा वाकवलेल्या तारेचा माणूस जपून ठेवला असेल, त्यांनी त्याचे छायाचित्र काढून, तो कोणत्या शाळेत, कोणत्या मेळाव्यात मिळाला, एवढे दोन ओळींत नोंदवावे. अशा वस्तू घराच्या साफसफाईत प्रथम केराच्या टोपलीत जातात.