बिसेत्रच्या बेड्या कोणी काढल्या?

फिलिप पिनेल हे नाव मानसशास्त्र घेतलेल्यांना माहीत असते ते टिपा लिहिण्यापुरते. वेड्यांच्या बेड्या तोडणारा फ्रेंच डॉक्टर, एवढ्या एका ओळीत त्याला उरकले जाते. परंतु त्याचे चरित्र वाचू लागले की ही ओळ तितकीशी खरी नाही असे दिसून येते. आणि खरी हकिगत मला तरी त्या ओळीहून अधिक मोलाची वाटते.

पिनेलचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये झाला. वडील शस्त्रवैद्य होते. पिनेल प्रथम धर्मशास्त्र शिकला. पण ती वाट सोडून त्याने १७७३ मध्ये तुलूझ विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतली. १७७८ साली तो पॅरिसला आला. तेथे तुलूझच्या पदवीला कोणी विचारीना! पॅरिसच्या वैद्यकपीठाची मान्यता नसल्यामुळे या शिकल्यासवरल्या डॉक्टरला राजधानीत व्यवसाय करता येईना. मग सुमारे पंधरा वर्षे त्याने गणिताच्या शिकवण्या केल्या, वैद्यकीय ग्रंथांची भाषांतरे केली, आरोग्यविषयक एक नियतकालिक चालविले. स्वभाव बुजरा, त्यामुळे पुढे पुढे करणे जमत नसे. याच काळात त्याचा एक तरुण मित्र मनाचा तोल जाऊन घरातून रानात पळाला आणि तेथेच मेला. हा घाव पिनेलच्या जिव्हारी लागला, आणि तो मनोरुग्णांकडे वळला.

पुढे राज्यक्रांती झाली. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, त्या वेळी पहाऱ्यावरच्या सशस्त्र नागरिकांत पिनेलही होता. जुनी पीठे कोसळली, त्याचे काही स्नेही नव्या कारभारात आले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये तो बिसेत्र या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाला.

इस्पितळ म्हणायचे ते नावाला. पॅरिसबाहेरच्या त्या अवाढव्य वास्तूत गुन्हेगार, भिकारी, म्हातारे, गुप्तरोगी असे हजारो पुरुष कोंडलेले होते. त्यांतच सुमारे दोनशे वेडे. वेडा म्हणजे जनावर, त्याला थंडीवाऱ्याची जाणीव नसते, असा समज त्या काळी चांगल्या चांगल्या विद्वानांचाही होता. रक्त काढणे, रेचके देणे आणि साखळदंड घालणे हाच उपाय.

या विभागाची देखरेख करणारा माणूस होता झां-बाप्तिस्त प्यूसँ. तोही १७४५ सालीच जन्मलेला. धंद्याने कातडी कमावणारा. गंडमाळेच्या दुखण्यावर उपचार घ्यायला तो बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तेथेच नोकरीला राहिला. १७८४ पासून वेड्यांचा विभाग त्याच्याकडे होता. माझे आजोबा कातडी कमावण्याचे काम करीत. त्या धंद्यातल्या माणसाकडे शिकलेले लोक कसे पाहतात हे घरात ऐकत आल्यामुळे या ठिकाणी मी पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ नुसती बसून राहिले.

प्यूसँने आपल्या नोकरांना रुग्णांवर हात उगारण्याची सक्त मनाई केली होती. हे ऐकेनात त्यांना त्याने काढून टाकले, आणि बरे झालेल्या रुग्णांतूनच नवे सेवक निवडले. का, तर ज्याने ते भोगले आहे तो मारणार नाही. त्याची पत्नी मार्गरीत हीही याच कामात होती. कोणता रुग्ण कधी बिथरतो, कोणाशी कसे बोलले म्हणजे तो शांत होतो, याच्या नोंदी प्यूसँ ठेवीत असे.

पिनेलचे मोठेपण मला दिसते ते येथे. पदवी नसलेल्या या माणसाला त्याने हुकूम सोडले नाहीत; तो त्याच्यामागून फिरला, पाहत राहिला, शिकला. १७९५ मध्ये पिनेलची साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या इस्पितळात बदली झाली. बिसेत्रमधल्या बेड्या निघाल्या त्या त्यानंतर, १७९७ साली, आणि त्या काढल्या प्यूसँने. पिनेलने मागणी लावून धरल्यावर १८०२ मध्ये प्यूसँ साल्पेत्रिएरला आला, आणि तेथेही बेड्या गेल्या. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वेडावरील ग्रंथाच्या १८०९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पिनेलने हे श्रेय उघडपणे प्यूसँला दिले आहे. दोन वर्षांनी प्यूसँ वारला. पिनेलने स्वतःच्या हाताने बेड्या तोडल्या ही कथा पुढे त्याच्या मुलाने आणि शिष्यांनी रूढ केली. १८७६ साली टोनी रोबेर-फ्लरीने तिच्यावर भव्य चित्रही काढले. गंमत अशी की त्या चित्रातही पिनेल नुसता उभा आहे. तरुणीची बेडी सोडवतो आहे तो दुसराच माणूस.

पिनेलच्या उपचारपद्धतीच्या नावात जो शब्द येतो त्याचा अर्थ नीती असा घेऊ नये. त्याचा रोख मनाशी बोलून, मनामार्फत केलेल्या उपचाराकडे आहे. क्रांतीच्या दिवसांत एका शिंप्याने राजाच्या वधाबद्दल काही उद्गार काढले, आणि आता आपलाही शिरच्छेद होणार या भीतीने त्याने अन्नपाणी सोडले. पिनेलने एक खोटा खटला उभा केला. तीन डॉक्टर काळे झगे घालून न्यायाधीश झाले आणि त्यांनी शिंप्याला सच्चा देशभक्त ठरवून निर्दोष सोडले. माणूस सुधारला. पण पुढे, तो सारा खेळ होता असे कोणीतरी त्याला सांगून टाकले, आणि त्याचे दुखणे उलटले. पिनेलने ही फसलेली हकिगतसुद्धा आपल्या ग्रंथात लपविली नाही.

एवढे सारे खरे असले तरी त्याला देव करण्याचे कारण नाही. बेड्यांच्या जागी हात जखडणारा अंगरखा आला, थंड पाण्याच्या धारेचा धाकही राहिला. मिशेल फूकोने तर १९६१ च्या आपल्या ग्रंथात असा आक्षेप घेतला की लोखंड गेले, पण सतत कोणीतरी पाहते आहे आणि दोष देते आहे हे ओझे रुग्णाच्या मनावर आले. आक्षेपात तथ्य आहे. तरीही थंडीत भिंतीला जखडलेल्या माणसाला विचारले असते तर त्याने काय निवडले असते, हेही फूकोच्या वाचकाने ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

पिनेलची अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. १८२२ मध्ये सरकारने वैद्यकपीठ बरखास्त केले. पुढे ते सुरू झाले तेव्हा उदार मतांच्या इतर प्राध्यापकांबरोबर त्याचीही जागा गेलेली होती. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी तो मरण पावला. साल्पेत्रिएरच्या दाराबाहेर १८८५ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.